एकच बीप

रिमोटच्या गाड्या विकणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. मे महिन्यात एका दुपारी एक आजोबा आणि त्यांचा नातू आले. आजोबांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून झाकण उघडलं. आत रुमालात गुंडाळलेली रिमोटच्या गाडीची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, पुरीसारखी टम्म फुगलेली. निळ्या वेष्टनावर चिकटपट्टीचा तुकडा.

"ही पट्टी कसली?"

"हवा काढायला सुई घातली होती," नातू म्हणाला. आजोबा काउंटरवरच्या टायरांकडे बघायला लागले.

माझ्या पोटात गोळा आला. डबा तसाच उघडा धरून मागच्या चौकात गेलो आणि बॅटरी वाळूच्या घमेल्यात ठेवली. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय का ते पाहिलं. नव्हता. सुई बाहेरच्या प्लॅस्टिकातच अडकली होती, आतल्या चंदेरी पाकिटापर्यंत पोचली नव्हती. ती पोचली असती तर हे घमेलं बघायला तिघंही आलो नसतो.

पॅक दोन सेलचा, ५००० एमएएच. प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो त्या बॅलन्सच्या पांढऱ्या कनेक्टरवर मीटर लावला. काळ्या आणि मधल्या पिनमध्ये १.३८ व्होल्ट. मधल्या आणि लाल पिनमध्ये ३.९४. लायपोचा भरलेला सेल ४.२ दाखवतो, ३ च्या खाली गेला की त्याची तब्येत बिघडायला लागते. आणि माझ्या डोळ्यांदेखत १.३८ चे १.३७ झाले, मग १.३६. भार काहीच नाही, तरी सेल आतल्या आत झिरपत होता.

आजोबा वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन. त्यांना समजवायला सोपं गेलं. सेल फार उतरला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं, पुन्हा चार्ज केल्यावर ते नको तिथे जमतं आणि आतच शॉर्ट होतो. "पण चार्जर घेतच नव्हता," ते म्हणाले. "एरर यायची. मग याने निकेलच्या बॅटरीचा मोड लावला, दहा मिनिटांत गरम." चार्जर घेत नव्हता तेच बरोबर होतं. निकेलच्या मोडमध्ये तो कोणता सेल किती भरलाय हे बघत नाही. मेलेला आणि जिवंत, दोघांनाही एकाच वरातीत नाचवतो.

चार्जरचं कोडं सुटलं, पण मुळात सेल इतका उतरला कसा? दिवाळीत पॅक मीच विकला होता. या गाडीच्या ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, लायपोचा कट-ऑफ आहे. दोन सेलचे मिळून साडेसहा व्होल्टच्या आसपास आले की गाडी मंदावायला हवी.

"मंदावली नाही कधी?"

"नाही काका. पार थांबेपर्यंत पळायची." मग त्यानेच विचारलं, "तुमच्या दुकानातल्या गाड्या चालू केल्यावर दोनदा बीप करतात. माझी एकदाच का करते?"

मी गाडीचं वरचं कवच काढलं. बॅटरीचा प्रकार ठरवणारा ईएससीवरचा जंपर, पिना जोडणारी नखाएवढी काळी टोपी, निकेलच्या पिनांवर होता. म्हणून एकच बीप, आणि लायपोचा कट-ऑफ बंद. गाडी आली तेव्हा तिच्यात निकेलचा पॅक होता. दिवाळीत जुना कनेक्टर कापून नवा मी सोल्डर केला, त्याचे पैसे घेतले, चालू करून दाखवली, ती एक बीपही ऐकली. जंपर सरकवायचा राहिला.

तसं सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आमचं काही चुकलं नाही?"

"सुई, बंद डबा आणि निकेलचा मोड सोडून."

नवा पॅक मी माझ्याकडून दिला. जुन्याच्या चांगल्या सेलला सायकलच्या डायनामोचा ६ व्होल्टचा बल्ब जोडून घमेलं चौकातच ठेवलं. तो रात्रभर मिणमिणत राहिला. बॅटरी पुढे ई-कचऱ्याच्या केंद्रात गेली.

जंपर नातवाने चिमट्याने स्वतःच सरकवला. स्विच दाबला. दोन बीप. त्याने बंद करून पुन्हा चालू केली, नुसती ऐकायला.