मॅडम, तुमची माळ आणि तुमचा डार्विन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न जुनाच आहे, विचारणारे तेवढे बदलतात. पालकसभेत येतो, वारीत तरडगावच्या मुक्कामात येतो, मध्यंतरी साताऱ्यात पोवई नाक्यावर भाजी घेताना एका जुन्या विद्यार्थ्यानं गाठून विचारला, "मॅडम, वर्गात डार्विन शिकवायचा आणि गळ्यात माळ घालून वारीत चालायचं, हे जमतं कसं? नक्की मानता काय तुम्ही?"

विचारणाऱ्यांत दोन गट असतात. एकाला माझ्याकडून "वारी म्हणजे आपली परंपरा हो, आईसाठी जाते" असं ऐकायचं असतं. दुसऱ्याला "अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवते, बाकी काय" असं. दोघांचीही सोय माझ्याकडून होत नाही. सजीव बदलत आले, मागं मागं जात राहिलं की सगळ्यांचे पूर्वज कुठे ना कुठे एक होतात, आणि या बदलामागे नैसर्गिक निवड हे मोठं कारण आहे, हे मी पुराव्यानिशी मानते. आणि माऊलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली की माझा पाय घरात ठरत नाही, हेही तितकंच खरं.

ज्या भांडणाची तुम्हाला धास्ती वाटते ते मूळचं आपल्याकडचं नाही. आयर्लंडमधल्या जेम्स अशर नावाच्या आर्चबिशपनं सतराव्या शतकात बायबलातल्या पिढ्या मोजून जग इसवी सनपूर्व ४००४ मध्ये निर्माण झालं असं काढलं. असा आकडा धर्माला बांधून घेतला की भूगर्भशास्त्राशी वाजणारच. १९२५ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून १०० डॉलर दंड ठोठावला गेला. पुढं २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथल्या शाळांत सजीव देवानंच घडवले ही गोष्ट 'इंटेलिजंट डिझाइन' या नावाचे नवे कपडे घालून आली, तेव्हा हे विज्ञान नव्हे, धर्मच आहे, असं न्यायालयाला सांगावं लागलं.

आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं आहे म्हटलं तर आमच्या कराडकडच्या गावातला एकही म्हातारा दचकत नाही. उलट खूश होतो. माझी खरी तक्रार तिथूनच सुरू होते.

थेट विरोध आपल्याकडेही अधूनमधून होतो, नाही असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी मराठवाड्यात येऊन सांगितलं की डार्विन चुकीचा, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हाही शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. पण साताऱ्यातल्या वर्गात मला विरोधक भेटत नाहीत. मला भेटतात ते सहमत झालेले. "मॅडम, आपल्यात हे आधीच होतं की! आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग अर्धा प्राणी अर्धा माणूस नृसिंह, मग बुटका वामन..." पोरं हे उत्तरपत्रिकेतसुद्धा लिहितात, खाली रेघ मारून. म्हणजे उत्क्रांतीशी भांडायचं नाही, तिला हार घालून देव्हाऱ्यात बसवायचं आणि मोकळं व्हायचं.

मला विचाराल तर भांडणारा परवडला. त्याला निदान समोरचा काय म्हणतोय हे कळलेलं असतं.

दशावताराची शिडी करून बघा. वराहानंतर सिंह येतो, पण डुकराचा वंश आणि सिंहाचा वंश या वेगळ्या फांद्या आहेत, एकातून दुसरा निघालेला नाही. त्यात पक्षी नाही, किडा नाही, गवताचं पातं नाही. वामन बुटका आहे, अर्धवट माणूस नाही, त्यानं तर बळीला बोलण्यात गुंडाळला. जुन्या पंचांगांवरच्या चित्रांत नवव्या अवताराच्या जागी विटेवरचा विठ्ठल असायचा, मग तो कुठल्या पायरीवर बसवायचा? आणि मुळात शिडी हीच चूक. कृष्णेतला मासा हा माणूस व्हायचा राहून गेलेला जीव नाही. आपण जेवढ्या काळाचे, तेवढ्याच काळाचा तोही आहे.

त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. माशातून चार पायांचे प्राणी निघाले असतील तर अधलामधला जीव साधारण ३७ ते ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकात सापडायला हवा, असा हिशेब करून जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समेअर बेटावर खणत राहिले. २००४ मध्ये त्यांना तो मिळाला, टिकटालिक. अंगावर खवले, पण मानेसारखी मान आणि पोहायच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं. मिळाला नसता तर त्यांचं म्हणणं अडचणीत आलं असतं. दशावतार वाचून कुदळ घेऊन कुठे खणायचं हे कुणाला कळलेलं नाही, आणि कळावं अशी त्या कथेची अपेक्षाही नाही. संकट आलं की तो धावून येतो, एवढं ती सांगते. तिच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का मारायला गेलं की शास्त्र तर हाती लागत नाहीच, कथाही हातची जाते.

माकडांचा प्रश्न मात्र मला आवडतो. "माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून शिल्लक कशी?" आमच्या भागात हेळवी येतात, सुगीनंतर, बैल घेऊन, घराण्याची वंशावळ सांगायला. तुमचा खापरपणजा कोण, त्याला भाऊ किती, कोण कुठल्या गावाला गेला, सगळं त्यांच्याकडे. मी मुलांना विचारते, चुलत घराणं अजून नांदतंय म्हणून तुमचा आणि त्यांचा पणजोबा एक नव्हता असं होतं का? चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. पूर्वज सामाईक, साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो आज शिल्लक नाही. त्याच्याकडे गुणसूत्रांच्या २४ जोड्या असाव्यात, आपल्याकडे २३. मग एक गेली कुठे? गेलेली नाही, दोन एकमेकींना जोडल्या गेल्या. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रावर तो सांधा अजून वाचता येतो. हा तास झाला की वर्ग शांत होतो. दशावताराच्या वेळी होत नाही, तेव्हा नुसत्या माना डोलतात.

आता माझ्या माळेकडे येते. तिथं मला जड जाणारी गोष्ट डार्विनची नाही, कुंभारणीची आहे.

कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल, भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं इवलं मडकं करते ती. कीर्तनात तिला मोठा मान. भागवतात अवधूताचे चोवीस गुरू सांगितलेत, त्यांत ही माशी आहे. दृष्टांत तुम्हाला पाठ असेल. माशी अळीला पकडून घरात कोंडते, अळी भयानं तिचंच ध्यान करत राहते, आणि ध्यान करता करता अळीचीच माशी होते. तसं भक्तानं देवाचं ध्यान करावं, म्हणजे तो देवच होतो. लहानपणापासून ऐकत आले. आमच्या गावातले बुवा हे सांगताना दोन्ही हातांचं मडकं करून दाखवायचे.

प्रयोगशाळेच्या खिडकीच्या चौकटीवर अशी घरं होतातच. प्रॅक्टिकलला मी एखादं चिमट्यानं उघडते. आत हिरव्या अळ्या दाटीनं भरलेल्या असतात. मेलेल्या नसतात, सुईनं हळूच स्पर्श केला तर कधी एखादी किंचित हलते. माशीनं डंख मारून त्यांना लुळं केलेलं असतं, मारलेलं नसतं, कारण मेल्या तर सडतील. माशीनं मडकं रिकामं असतानाच त्याच्या छताला बारीक धाग्यानं आपलं अंडं टांगून ठेवलेलं असतं, अळ्या त्यानंतर भरलेल्या. अंड्यातून निघालेलं पिल्लू एकेक अळी जिवंतपणीच खातं, कोष करतं, आणि मग मडकं फोडून माशी बाहेर पडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत अळी गेली आणि माशी आली. निरीक्षण खोटं नाही हो, नुसत्या डोळ्यांनी एवढंच दिसतं.

हे पहिल्यांदा पाहिलेल्या मुली "ई" करतात. मग एखादी विचारते, मॅडम, असं कशाला?

हाच प्रश्न डार्विनला पडला होता, जवळपास याच माशीवरून. कुंभारणीची एक लांबची बहीण अळीच्या अंगातच अंडी घालते. मे १८६० मध्ये त्यानं अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिलं, त्याचा आशय असा की, दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं जिवंत अळ्यांच्या अंगात पोसण्यासाठी मुद्दाम या माश्या घडवल्या असतील, हे मला मनाला पटवता येत नाही. हे ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू सगळ्यांत जोरानं मांडणाऱ्यांपैकी एक. पुढं १८७९ मध्ये कुणीतरी डार्विनला थेट तुमचाच प्रश्न विचारला, तेव्हा माणूस मनापासून आस्तिक आणि उत्क्रांतिवादीही असू शकतो याबद्दल शंका घेणं त्याला हास्यास्पद वाटलं, आणि उदाहरण म्हणून त्यानं ग्रे यांचंच नाव दिलं. स्वतःबद्दल मात्र तो म्हणाला की आपल्याला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणणं जास्त बरोबर.

मी ग्रे नाही आणि डार्विनही नाही. पण विठोबाला मी कधी "हे सगळं तूच घडवलंस ना?" असं विचारलेलं नाही, आणि माझ्या आजीनंही कधी विचारल्याचं ऐकलेलं नाही. आमच्या घरात तो सृष्टीचा इंजिनिअर म्हणून आलेला नाही. तो घरातला माणूस आहे, त्याच्याशी बोलायचं असतं, रुसायचं असतं, त्याच्या भेटीला चालत जायचं असतं. बेडूक कसा झाला याचं उत्तर त्याच्याकडून मिळण्याची मला गरज नाही, म्हणून ते उत्तर दुसरीकडे मिळालं तेव्हा त्याची जागा रिकामी झाली नाही. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात माऊलींचा अश्व धावतो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं. त्या पाण्याला घोड्याच्या खुराची उत्क्रांती आड येत नाही, आणि ती मी दुसऱ्या कुठल्याही दिवशी तासभर शिकवू शकते.

कुंभारीण मात्र आड येते. बोलता येतं अशा देवाला मी त्या लुळ्या अळीबद्दल काय विचारू? कर्मफळ म्हणून सांगतात, पण अळीनं कुठलं कर्म केलं? "ही सगळी त्याची लीला" हे वाक्य तर मला मडक्याजवळ उभं राहून म्हणवत नाही. तेव्हा नक्की मानता काय, याचं उत्तर इथं अर्धवट आहे, आणि ते अर्धवटच घेऊन मी चालते. उत्क्रांतीकडे निदान त्या माशीसाठी क्रूर हा शब्द नाही. जिची पिल्लं जगली तिचा वंश चालला, बस्स.

दोन वर्षांमागे आमच्या दिंडीतल्या बुवांना मी लोणंदच्या मुक्कामात मडक्यातल्या या अळ्यांचा व्हिडिओ दाखवला. ते रात्रीच्या कीर्तनात भृंगीचा, म्हणजे याच माशीचा, दृष्टांत सांगणार होते आणि वर "आता हे सायन्सनंही सिद्ध केलंय" असं जोडायची त्यांना सवय. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून व्हिडिओ परत लावायला सांगितला.

"म्हणजे अळी जाते?"

"जाते, माऊली. हळूहळू."

"आणि ध्यान वगैरे?"

"ध्यान भक्तानं करायचं. अळीला तेवढी सवड नसते."

बुवा हसले, मग गप्प झाले. "मग आता सांगू का नको?"

सांगा म्हटलं. दृष्टांत माणसाबद्दल आहे, तो मला अजूनही लागतो. फक्त ते सायन्सचं वाक्य तेवढं गाळा. त्या रात्री त्यांनी ते गाळलं, आणि गेल्या आषाढातही ते आलं नाही. दशावतार सांगून झाल्यावर जोडायचं सायन्सचं वाक्य मात्र त्यांनी अजून ठेवलंय. त्यांना टिकटालिकचा फोटो दाखवायचा राहिलाय.