तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टी, रजा आणि खाडा

‘सुट्टी टाकली’ बरोबर की ‘रजा टाकली’? आणि लिहायचं सुटी की सुट्टी?

मुळात आहे ‘सुटणं’. शाळा सुटते, गाठ सुटते, तसा माणूस कामातून सुटतो. ‘आता सुट्टी नाही’ या धमकीतही तेच: तावडीतून सुटका नाही. सुटी आणि सुट्टी, दोन्ही रूपं चालतात. पण ‘सुटी मिळेल का?’ हे साहेबाला विचारलं तर एक अर्थ, चहापावडरीबद्दल वाण्याला विचारलं तर दुसरा. म्हणून दिवसासाठी ‘सुट्टी’ बरी.

बोलताना काहीही टाका, अर्जात मात्र ‘रजा’ लिहा. रजा म्हणजे मुळात परवानगी. निरोप घेतानाही आपण ‘रजा घेतो’ म्हणतो ते त्यामुळेच. सुट्टी सगळ्यांना असते, रजा मागावी लागते आणि आपल्या खात्यातून वजा होते. सरकारी नोकरीत अर्जित रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्या रजेतच मोजतात. पाच दिवसांचा आठवडा असेल आणि गुरुवार ते पुढचा मंगळवार रजा घेतली, तर शनिवार-रविवार धरून सहा दिवस जातात. तेच सोमवार ते शुक्रवार घेतली तर पाचच जातात आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार मिळून नऊ दिवस मोकळे होतात. त्यासाठी ‘मागील व पुढील सुट्ट्या जोडून’ हे शब्द अर्जात हवेत. नेमके तेच राहून जातात.

रविवारची सुट्टी गिरणी कामगारांनी झगडून मिळवली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

आणि तिसरा शब्द, खाडा. दूध आलं नाही त्या दिवशी कॅलेंडरवर खाडा मांडतो, महिनाअखेर तेवढे पैसे वजा करतो. ते रास्तच, कारण दूध घेतलेलंच नसतं. घरकामाच्या मावशींना हाच हिशेब लावणं मात्र चूक. महिना ३,००० रुपये ठरले असतील तर तीस दिवसांच्या महिन्यात एका खाड्याचे १०० होतात. चार रविवार खाडे धरले की ४०० गेले. आठवड्याची ठरलेली सुट्टी पगारी असते. ती कामाला लावतानाच बोलून घ्यावी आणि कॅलेंडरवर त्या दिवशी फुली न मारता ‘सु’ लिहावं.