वरचा इजिप्त खाली का?

“बाई, तुमचं चुकलंय. वरचा इजिप्त खाली लिहिलाय.”

सहावीच्या मागच्या बाकावरून आवाज आला आणि अख्खा वर्ग फळ्याकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. माझं चुकलं नव्हतं. इजिप्तच्या दक्षिण भागालाच ‘वरचा इजिप्त’ म्हणतात. पण शिकवायला लागले त्या वर्षी हाच प्रश्न आला होता, तेव्हा “तसंच म्हणतात, लिहून घ्या” म्हणून मी पुढे सरकले होते. ते अजून टोचतं.

या वेळी भिंतीवरचा नकाशा काढला आणि उलटा टांगला. दक्षिण वर, उत्तर खाली. वर्गात हसू पिकलं. मग एकीला म्हटलं, नाईलवर बोट ठेव आणि पाण्याबरोबर चाल. बोट इथिओपियाच्या डोंगराकडून निघून भूमध्य समुद्रापर्यंत घसरत आलं. नदीकाठच्या माणसाला उगमाची बाजू वरची आणि समुद्राची खालची, एवढाच त्या नावांचा अर्थ. उत्तर वर छापायची पद्धत फार नंतरची.

नकाशा उलटा होताच म्हणून होड्यांचंही सांगून टाकलं. नाईल उत्तरेकडे वाहते आणि तिथला वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो. म्हणजे दक्षिणेला जाताना शीड उभारायचं, परत येताना ते उतरवून होडी प्रवाहावर सोडून द्यायची. इजिप्तच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाण्याच्या शब्दासोबत शीड उभारलेली होडी काढत आणि उत्तरेला जाण्याच्या शब्दासोबत बिनशिडाची. पुढचा अर्धा तास वहीच्या समासांत होड्याच होड्या.

“बाई, हा इतिहासाचा तास आहे ना?” एकानं प्रामाणिकपणे विचारलं. त्याचा दोष नाही. दोन विषयांच्या दोन वह्या आम्हीच करायला लावतो, आणि मग ‘संस्कृती नदीकाठीच का उदयास आल्या?’ या प्रश्नाला पाणी, सुपीक जमीन, वाहतूक असं तीन शब्दांचं उत्तर येतं. त्याला पूर्ण गुणही आम्हीच देतो.

त्या उत्तरावर माझा राग आहे, कारण त्यात सगळ्या नद्या एकसारख्या होऊन जातात. म्हणून गेली काही वर्षं मी एक तक्ता करून घेते. एका नदीची एक ओळ, ओळीत बारा महिन्यांचे बारा चौकोन. शेतात पीक उभं असेल ते महिने हिरवे, कापणी पिवळी, पूर निळा.

नाईलची ओळ सुरेख भरते. इथिओपियातल्या पावसानं उन्हाळ्यात पाणी चढायला लागायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात शेतं पाण्याखाली जायची. ऑक्टोबरच्या सुमारास पाणी ओसरलं की मागे राहिलेल्या गाळात पेरणी, आणि वसंतात कापणी. निळा, हिरवा, पिवळा, एकही रंग दुसऱ्यावर चढत नाही. (‘लागायचं’, ‘जायची’ म्हणतेय, कारण १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि तो पूर थांबला.)

मग आजच्या इराकमधल्या टायग्रिस-युफ्रेटिस. इथंही पेरणी हिवाळ्याच्या तोंडावर, गहू आणि जव. कापणी एप्रिल-मे. पण या नद्यांना पाणी मिळतं ते उत्तरेकडच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून, आणि त्यामुळे पूर येतो तोही एप्रिल-मेच्याच सुमारास.

एक मुलगा पिवळ्या चौकोनावर निळी पेन्सिल फिरवता फिरवता थांबला. चौकोन हिरवा झाला होता. हिरवा म्हणजे तर उभं पीक! चुकलं असं वाटून त्यानं खोडरबर घेतला आणि कागद फाटेपर्यंत घासला. मी ती फाटकी वही उचलून सगळ्यांना दाखवली. तिथल्या शेतकऱ्याची अडचण नेमकी याच चौकोनात होती. पेरायच्या वेळी नदी आटलेली आणि कापायच्या वेळी अंगावर येणारी. मग बांध घाला, कालवे खोदा, दरवर्षी त्यातला गाळ उपसा. एकट्याचं काम नव्हे. कोण किती दिवस राबणार, कुणाला किती धान्य मिळणार, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. लिहायचं कशावर? दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे या दोन नद्यांच्या खालच्या प्रदेशात, धड दगड नाही, मोठं लाकूड नाही. चिखल मात्र हवा तेवढा, आणि लिहायला नदीकाठच्या बोरूच्या काड्या. सुरुवातीच्या मातीच्या पाट्यांवर गोष्टी-गाणी नाहीत, बहुतेक हिशेबच आहेत, हे ऐकून मुलांचा जरा हिरमोड होतो.

सिंधूची ओळ भरताना वर्गानं मला बोलूच दिलं नाही. बर्फाचं पाणी आणि पाऊस दोन्ही उन्हाळ्या-पावसाळ्यात, पूर ओसरल्यावर गहू-जव. “नाईलसारखीच आहे!” असा एकमुखी निकाल लागला. तेवढ्यात त्या बोट फिरवणाऱ्या मुलीनं पुस्तकातलं मोहेंजोदडोचं चित्र पुढे केलं. पूर शहाण्यासारखा वेळेवर येत होता, तर मग शहराला एवढाले उंच विटांचे चौथरे कशाला? मी उत्तर द्यायच्या आत तिची शेजारीण म्हणाली, “अगं, शेत बुडालेलं चालतं. घर कसं चालेल?”

आता चौथी ओळ राहिलीय, ह्वांग होची, म्हणजे पीत नदीची. अर्ध्या वर्गाच्या पिवळ्या पेन्सिली आधीच संपत आल्यात.