सिस्टर, एक सलाईन लावा ना

जुलाबानं मलूल झालेलं पोर कडेवर घेऊन आलेली आई दारातूनच म्हणायची, "सिस्टर, एक सलाईन लावा ना." उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काढलेल्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. पोर शुद्धीवर असायचं, पाणी दिलं की घटाघटा प्यायचं. अशा पोराला सुई टोचायची काहीच गरज नसते. पण मी ओआरएसचं, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेचं, पाकीट पुढे केलं की घरच्यांचे चेहरे पडायचे. फुकट मिळणारी पुडी, तीही मीठ-साखरेची! सोबत आलेली आजी हमखास सांगायची, "पाणी नका पाजू, जुलाब वाढतील." काही जण पाकीट पिशवीत टाकून खासगी दवाखान्यात जायचे आणि पैसे मोजून बाटली लावून घ्यायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

ही पुडी कुठून आली ते लोकांना ठाऊक नाही, म्हणून आज लिहायला बसले.

1971 साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले आणि छावण्यांमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. पटकीचा जोर असला तर माणसाच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जातं. कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस सीमेजवळच्या बनगावला पोचले, तेव्हा रुग्णालयात खाटा पुरत नव्हत्या, रोगी जमिनीवर पडले होते. शीर शोधून सलाईन लावायचं तर त्या जुलाब-उलटीत गुडघे टेकून बसावं लागे. त्यात सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी ठरवलं, तोंडानंच पाजायचं. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात हे मिश्रण प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून त्यांची तोंडं इस्त्रीनं चिकटवली जायची. छावणीत ते पिंपात कालवायचे आणि रोग्याचे नातेवाईक मगानं भरून न्यायचे. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला नाव दिलं होतं 'ओरल सलाईन'. म्हणजे सलाईनची ओढ तेव्हाही तशीच होती!

आधी शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आणि पाजणारे होते आई, भाऊ, बायको. आकड्यापेक्षा मला हेच मोठं वाटतं.

यामागचं शास्त्रही अगदी सरळ आहे. पटकीत आतडं नुसतं मीठ शोषू शकत नाही, पण मिठासोबत ग्लुकोज असलं तर दोन्ही जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडी अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. त्याआधी 1953 मध्येच कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केलं होतं, पण त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकन डॉक्टरांनी नीट मोजमाप ठेवून ते सिद्ध केलं. पण साथीच्या धुमाळीत, शिकलेलं मनुष्यबळ नसताना हे जमेल, हे दाखवलं ते बनगावनं. महालनबीस 2022 मध्ये गेले. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर.

आमच्या कामाच्या दृष्टीनं त्याहून शिकण्यासारखं बांगलादेशात घडलं. ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या बाया 1980 ते 1990 या काळात एक कोटीहून जास्त घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि मापाचं पाणी, हे प्रत्येक आईकडून करून घेतलं. नंतर तपासनीस जाऊन त्या आईला काय आठवतं ते विचारत आणि त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. आम्हाला मात्र किती पाकिटं वाटली तेवढंच लिहायला सांगायचे. पाकीट घरात कसं कालवलं गेलं, याचा रकाना वहीत कधी नव्हताच.

मधल्या काळात दुकानात ओआरएसच्या नावानं गोड पेयांचे खोके मिळू लागले होते. साखर भरमसाट, क्षार अपुरे. जुलाबात जास्त साखर गेली तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लढल्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. बातमी वाचून मी जुन्या सहकारी सिस्टरांना फोन लावले.

घरात लहान मूल असेल तर 20.5 ग्रॅमचं पाकीट आणून ठेवा. ते पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यात एकदमच कालवायचं, थोडं थोडं काढून नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. सोबत डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस. मूल गुंगीत असेल, पाणी पिऊच शकत नसेल, पोटाचा चिमटा घेतल्यावर कातडी सावकाश खाली बसत असेल किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर एक क्षणही घरी थांबू नका. गुंगीतल्या, पिऊ न शकणाऱ्या मुलाला सलाईन लागतंच, आणि ते ताबडतोब लागतं.