जुन्या एमएम ५४० ची उंची: दीड इंचावर का थांबलो

ठरलं. महिंद्राची माझी जुनी जीप, एमएम ५४०, दीड इंच उचलायची, त्याहून जास्त नाही, आणि तीही पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) कमानीतून, म्हणजे त्यांचा बाक वाढवून. लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) नाही, पाटे हाऊसिंगच्या (दोन चाकांमधल्या, आत एक्सल असलेल्या नळीच्या) वर चढवणं नाही. जुन्या फोर बाय फोरवर काम करणाऱ्या मंडळींना हा आकडा फार छोटा वाटेल, म्हणून मोजमापं आणि हिशेब इथे सविस्तर मांडतो.

आधी गाडीकडून काय हवं ते. शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. जमीन काळी, आणि दोन पाऊस पडले की केळीच्या बागेकडे जाणाऱ्या गाडरस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात. हिवाळ्यात पाल, तोरणमाळ, धडगाव-मोलगीकडचे घाट. गाडीत घरची माणसं बसतात, मागे कधी खताच्या गोण्या असतात. म्हणजे ही गाडी चिखलात चालली पाहिजे, चांदसैली घाटात लोड घेऊन उतरली पाहिजे आणि जळगाव-भुसावळ रस्त्यावर सत्तरच्या वेगाला सरळ धावली पाहिजे. यातलं तिसरं काम उंची वाढवताना सगळ्यात आधी बिघडतं.

कुठलंही सामान घेण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी केली, चारही टायरमध्ये सारखी हवा भरली आणि चेसिसची खालची कड ते हाऊसिंगची नळी हे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजलं. फेंडरवरून मोजू नका. जुन्या गाडीचे बॉडी माउंट (बॉडी आणि चेसिसमधले रबर) दबलेले असतात, पत्रा ठोकलेला असतो, त्यामुळे फेंडरचा आकडा फसवतो. माझ्याकडे मागे उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली निघाली. मग चोपड्याच्या मित्राची, मूळ मापाचे नवे पाटे घातलेली तसलीच जीप त्याच पद्धतीने मोजली. ती माझ्या गाडीपेक्षा सरासरी एक इंच उंच. म्हणजे माझी गाडी मूळ उंचीवर नव्हतीच. धुळ्याला हायवेजवळ पाट्यांचं काम करणारे जे काका आहेत, त्यांनी गाडीखाली नजर टाकली आणि एवढंच म्हणाले, "पाटा बठेल शे, भाऊ. पयले तो नीट करूत, मंग उंचीना इचार." म्हणजे पाटा दबून बसला आहे, आधी तो नीट करू, मग उंचीचं बघू.

या एका वाक्याने सगळा हिशेब बदलला. दीड इंचातला एक इंच ही हरवलेली उंची परत मिळवणं आहे, खरी वाढ अर्ध्या इंचाची. ज्यांची गाडी वीस-पंचवीस वर्षांची आहे त्यांनी लिफ्टच्या (उंची वाढवण्याच्या) किटचे भाव बघण्याआधी हे माप घ्याच. बसलेल्या पाट्यावर लांब शॅकल लावून उंची दाखवता येते, पण थकलेला पाटा थकलेलाच राहतो आणि खड्ड्यात बंप स्टॉपवर (हाऊसिंग अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो.

आता शॅकलबद्दल, कारण आपल्याकडे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त केला जाणारा उपाय तोच आहे. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं आणि हाऊसिंग मध्यावर, त्यामुळे शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी एकच इंच उचलली जाते. आणि तो एक इंच फुकट मिळत नाही. जुन्या अमेरिकन विलीज जीपच्या घडणीच्या, म्हणजे माझ्यासारख्या, जीपला पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते टोक दोन इंच खाली गेलं की सगळं हाऊसिंग पुढे झुकतं. माझा पुढचा पाटा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुमारे तीन फूट. छत्तीस इंचांत दोन इंचांचा उतार म्हणजे साधारण ३ अंश. विलीजच्या काळापासून या जीपचा कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) मुळातच साधारण ३ अंशांचा. म्हणजे दोन इंच लांब शॅकल लावलं की कॅस्टर जवळजवळ शून्यावर येतो. कॅस्टर गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकते आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थरथरायला लागतात. ट्रक ओव्हरटेक करत असताना ही थरथर सुरू झाली तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा. पाटा आणि हाऊसिंगमध्ये पोलादी पाचर घालून कोन परत आणता येतो, पण मग पुढच्या शाफ्टचा (इंजिनाचा जोर हाऊसिंगकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, आणि एक दुरुस्ती निस्तरायला दुसरी करावी लागते. शॅकल लांब झाल्याने गाडी आडवी डोलते तीही वेगळीच.

कमान वाढवलेल्या पाट्यात दोन्ही टोकं जवळपास सारखीच खाली जातात, म्हणून हाऊसिंगचा कोन फारसा बदलत नाही. मी पाट्यांवर अडून बसलो ते याच कारणासाठी.

गुटक्याबद्दल, म्हणजे पाटा आणि हाऊसिंगमध्ये घालायच्या ठोकळ्याबद्दल, थोडक्यात. आपल्या जीपचे पाटे हाऊसिंगच्या खाली असतात, तेव्हा मध्ये गुटका घातला तर गाडी उलट खाली बसेल. ज्यांच्या पिकअपला मागचे पाटे हाऊसिंगच्या वर आहेत त्यांना मागे एक-दीड इंचाचा, एकसंध पोलादाचा, सेंटर बोल्टची खूंट असलेला गुटका चालू शकतो. पुढे कधीही नाही. पुढच्या हाऊसिंगवर ब्रेकचा जोर आणि स्टिअरिंगचा ताण दोन्ही येतात. एकावर एक दोन गुटके तर कुठेच नाहीत.

पाटे हाऊसिंगच्या वर चढवायचा प्रस्ताव जळगावच्या दोन मित्रांनी मनापासून मांडला होता. नळीची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी मिळून गाडी एकदम पाचेक इंच वर जाते, सामानाचा खर्चही कमी. पण नव्या बैठका वेल्ड करायच्या, पिनियनचा (हाऊसिंगमध्ये शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचा) कोन नव्याने बसवायचा, ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कल मोडायचा, ब्रेकचे होज लांब करायचे आणि जोर लावला की हाऊसिंग पाट्यांना पीळ देतं त्याचाही बंदोबस्त करायचा. फक्त स्पर्धेसाठी ठेवलेल्या गाडीत हे सगळं नीट करणारे लोक आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण माझी आई ज्या गाडीत बसून मनुदेवीला जाते, त्या गाडीत मला ते नको.

कलंडण्याचा हिशेब कागदावर करून पाहा. समजा दोन चाकांमधली रुंदी १२० सेंटीमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर. अर्धी रुंदी ६०, उंची ६०, म्हणजे गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर तोल सोडेल. गुरुत्वमध्य ५ सेंटीमीटर वर गेला की हा कोन ४२.७ वर येतो, १० सेंटीमीटर वर गेला की ४०.६ वर. कागदावर फरक थोडा दिसतो, पण खऱ्या गाडीत खालच्या बाजूचा टायर दबतो, त्याच बाजूचे पाटे बसतात, माणसं खालच्या अंगाला सरकतात, टपावर सामान असतं, आणि एखादं चाक दगडावर चढलेलं असतं. हे प्रत्येक कारण त्या कोनातून आपापला वाटा घेतं. मोलगीकडच्या कच्च्या वाटांवर दरीच्या बाजूला कललेल्या जागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दोन-चार अंश किती मोलाचे ते माहीत आहे.

आणि ज्या चिखलासाठी आपण गाडी उंच करतो, तिथे पाट्यांची लिफ्ट नेमकी कमी पडते. काळ्या मातीत जीप अडकते ती चेसिस टेकल्याने नाही. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर हाऊसिंगचा गोळा (मधला, गिअर असलेला फुगीर भाग) टेकतो आणि चाकं मोकळी फिरू लागतात. हाऊसिंग चाकांनाच जोडलेलं आहे. पाटे कितीही उंच केले तरी गोळा होता तिथेच राहतो, तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. माझे टायर २३५/७५ आर १५, म्हणजे व्यास ७३३ मिलिमीटर. ३१ इंची टायर घातले तर व्यास ७८७. फरक ५४, त्याचा निम्मा म्हणजे २७ मिलिमीटर गोळ्याखाली मिळतील. त्या बदल्यात गिअरिंग ७ टक्के लांबतं (म्हणजे चाकांना ओढ कमी मिळते), स्पीडोमीटर कमी दाखवतं आणि ब्रेकवर तेवढाच जास्त भार येतो. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. म्हणून टायरचं माप तेच ठेवून फक्त खोल नक्षीचे घ्यायचे ठरवलं आहे.

पाटे जुनेच उभे करायचे की नवे घ्यायचे, यावर मात्र माझं ठाम मत झालं आहे. भट्टीत लाल करून ठोकलेला पाटा घेऊ नका. पाट्याचं पोलाद साधारण ८५० ते ९०० अंशांवर तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा ४५० च्या आसपास तापवून त्याची ठिसूळता घालवतात. उघड्या भट्टीत अंदाजाने तापवून हवेत गार केला की तो चिवटपणा जातो. असा पाटा एक तर काही महिन्यांत पुन्हा बसतो, नाही तर मोडतो. धुळ्याच्या काकांनी मेन पाटा आणि दुसरा पाटा नवीन घेतला, खालचे थंडच ठोकून कमानीत आणले, प्रत्येकाची टोकं घासून गोल केली आणि मध्ये ग्रेफाइटचं ग्रीस लावलं. एखादा जाड पाटा वाढवायचा मोह होतो, पण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरचा पाटा एकटाच सुमारे ५९ टक्के जास्त कडक होतो. मग रिकामी गाडी खडीवर उड्या मारते आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. म्हणून जाडी मूळचीच ठेवली, फक्त कमान वाढवली.

पाटा हाऊसिंगला आवळणारे यू बोल्ट नवीन घेतले. जुना यू बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो पुन्हा वापरू नये. नवे बसवल्यावर दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा कसले, आणि चारातले तीन खरंच थोडे फिरले.

पुढचं काम पूर्ण झालं आहे. चेसिस जॅकवर घेऊन दोन्ही चाकं लोंबकळत सोडली आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकचे होज पाहिले. डावीकडचा ताठ होत होता, तो लांब घेतला. त्याच स्थितीत शॉकअपच्या दोन्ही पिनांमधलं अंतर मोजलं, मग बंप स्टॉप टेकल्यावरचं मोजलं. शॉकअप या दोन मापांवरूनच घ्यावा: पूर्ण दबलेला शॉकअप दुसऱ्या मापापेक्षा आखूड हवा आणि पूर्ण ताणलेला पहिल्यापेक्षा लांब, नाही तर पाट्याऐवजी शॉकअपच गाडी अडवतो आणि पिना तुटतात. अलाइनमेंटला कॅस्टर अडीच अंशांच्या आसपास आला, पाचरीची गरज पडली नाही. हायवेवर स्टिअरिंग सोडलं की सरळ येतं. याचा आनंद फार मोठा आहे.

कायद्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करावंच लागतं. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीखाली वाकून पाहते. मूळ मापाच्या पाट्यांवर उभी असलेली गाडी आणि पाच इंच उचललेली गाडी यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घेणं चांगलं.

राहिलं मागचं. जीपचा मागचा शाफ्ट आखूड, त्यामुळे थोड्या उंचीनेही क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन पटकन वाढतो. ट्रान्सफर केसकडचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीकडचा) आणि पिनियनकडचा कोन सारखा राहिला तर एका क्रॉसने आणलेली वेगातली चढउतार दुसरा पुसतो, नाही तर चाळीसच्या पुढे गाडी गुरगुरते. पुढच्या आठवड्यात दोन्ही कोन मोबाइलच्या लेव्हलने मोजणार आहे. त्यानंतर मागे हाऊसिंगच्या बरोबर वर युरियाच्या दहा गोण्या, ४५ किलोची एक म्हणजे साडेचारशे किलो, ठेवून गाडी किती मिलिमीटर बसते ते पाहायचं आहे, आणि तशाच लोडवर व रिकाम्या लोंबत्या चाकांवर स्लिप जॉइंट (शाफ्टचा सरकता जोड) किती आत-बाहेर होतो ते खडूने खूण करून नोंदायचं आहे. लोंबत्या स्थितीत स्लिपची पकड दीड इंचापेक्षा कमी उरली तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घेईन, आणि ते होईपर्यंत गाडी घाटात नेणार नाही.