तीन दिवसांच्या परवानगीसाठी सात आठवडे

ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या नशेच्या, व्यसनावरचा बारा आठवड्यांचा कोर्स मी वेळेत पूर्ण केला. एकही शनिवार चुकवला नाही. पण त्यातलं तीन दिवसांचं प्रत्यक्ष निरीक्षण करता यावं म्हणून एका कार्यालयाच्या एका पत्रासाठी मला सात आठवडे थांबावं लागलं. प्रमाणपत्र हातात येऊन आता चार महिने झाले, तरी ते सात आठवडे आठवले की माझा जीव चिडतो. पुढे जाणाऱ्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. एमएसडब्ल्यू झाल्यापासून चौदा वर्षं हेच काम. त्यातली बारा वर्षं बहुतेक दारूचेच पेशंट. दारू थांबल्यावर थरथर कधी सुटते, भास कधी सुरू होतात, घरची बाई तोंड कधी उघडते, हे मला पाठ झालं होतं. गेल्या दोनेक वर्षांत गोळ्यांची पोरं यायला लागली. आई सांगते, "नशेच्या गोळ्या खातोय मॅडम." कसल्या, ते तिला माहीत नसतं. कुणी बटण म्हणतं, कुणी कुत्ता गोळी. एका पोराच्या खिशात नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम निघतं, म्हणजे झोपेच्या गटातलं. दुसऱ्याच्या खिशात ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातकुळीतलं. झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. दोन्ही एकत्र घेतल्या तर श्वास मंदावतो. म्हणून आता मी आईला आधी रिकामी स्ट्रिप आणायला सांगते, बाकीचं बोलणं नंतर.

हे शहाणपण मला उशिरा आलं. आमच्याकडे एक चोवीस वर्षांचा मुलगा होता, भाजी मार्केटमध्ये गाडी भरायचा. गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढायचा. आमच्याकडे एकवीस दिवस राहिला, अंगदुखी, जुलाब, रात्र रात्र जागरण सगळं सोसलं, आणि हसत घरी गेला. मी घरच्यांना सांगितलं, आता फक्त इच्छाशक्ती सांभाळा. नवव्या दिवशी त्याच्या काकांचा फोन आला. त्यानं पूर्वीइतकंच घेतलं होतं. तीन आठवड्यांत शरीराची सवय उतरलेली असते आणि जुनं प्रमाणच जीव घेतं, हे मी त्या घरातल्या एकालाही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा ते माझ्याच डोक्यात नीट बसलेलं नव्हतं. कोर्सला नाव घातलं ते त्या फोननंतर.

महाराष्ट्राला गर्द काही नवा नाही. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दनं पोरं उद्ध्वस्त होत होती म्हणूनच. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या केंद्रांत सगळी घडी दारूवर बसलेली. पहिल्याच शनिवारी २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे दाखवले: देशात सुमारे २.१ टक्के लोक ओपिऑइड घेतात आणि साधारण ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. मी तो आकडा वहीत दोनदा लिहून घेतला.

कोर्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिकवणारे चांगले होते. घरून, मोबाइलवर. हजेरी लॉगिनच्या नावावर धरतात, तेव्हा मुलाच्या नावानं उघडलेल्या खात्यावरून बसू नका.

आता ते पत्र. निरीक्षण करायचं होतं मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रात, म्हणजे जिथे गर्दऐवजी देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन हे औषध जिभेखाली देतात. परवानगी वरच्या कार्यालयाची. मी आमच्या संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करून मेल केला. दहा दिवस उत्तर नाही. फोन केला तर, "मेल इथे बघत नाहीत मॅडम, हार्ड कॉपी द्या." रात्रीची महालक्ष्मी पकडली, सकाळी मुंबईत उतरले, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि कार्यालय उघडायच्या आधी दारात उभी राहिले. आवकमध्ये शिक्का मारून घेतला, क्रमांक घेतला. "साहेबांकडे जाईल." परत.

आठवड्यानं कळलं की अर्ज आमच्या संस्थेचा चालत नाही, कोर्स घेणाऱ्या संस्थेचा लागतो. बरं. त्यांनी त्यांचं ठरावीक पत्र दिलं. ते परत आलं, कारण त्यात माझं नाव आणि तारखा नव्हत्या. नाव आणि तारखा घातलेलं दुसरं पत्र आलं. मग गोपनीयतेचं हमीपत्र मागितलं. ते मागणं योग्यच होतं. तिथे येणाऱ्या माणसाची ओळख बाहेर फुटली तर तो उद्या औषधाला येणार नाही. माझं म्हणणं एवढंच की हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? हमीपत्र दिलं तर एमएसडब्ल्यूच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. त्यासाठी लग्नाचा दाखला. तोही दिला, साक्षांकित करून. एवढं होईपर्यंत पत्रातल्या तारखाच उलटून गेल्या. टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "तारखा गेल्या ना मॅडम. नवीन अर्ज लागेल."

मी तिथे बाकावर बसले आणि मला रडू आलं. ते कामावर आहेत, मीही कामावरच होते. मागे केंद्रात दोन पोरं तोडीत, म्हणजे नशा थांबल्यावरच्या त्रासात, होती आणि मी इथे एका तारखेसाठी बसले होते.

नवीन अर्ज गेला तो अकरा दिवस हलला नाही. टेबलावरचे कर्मचारी रजेवर आणि त्यांचा कार्यभार कुणाकडेच नव्हता. हे मला कार्यालयानं नाही, जिन्यातल्या शिपाई मामांनी सांगितलं. त्यांनीच कानात सांगितलं, "ताई, तोंडी बोलू नका. त्रुटी लेखी कळवा असं लिहून द्या." मी तिथल्या तिथे कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: माझ्या अर्जात ज्या त्रुटी असतील त्या सर्व एकाच वेळी लेखी कळवाव्यात. आवकचा शिक्का घेतला, पोच घेतली. पाचव्या दिवशी परवानगी आली. एकही त्रुटी शिल्लक नव्हती. नव्हतीच मुळी!

म्हणून सांगते, पहिल्याच अर्जात ते वाक्य घाला. आणि तारखा घालताना "अमुक ते अमुक, किंवा आपल्या सोयीनुसार पुढील ९० दिवसांतील कोणतेही तीन दिवस" असं लिहा.

त्या तीन दिवसांसाठी मी पुन्हा सात आठवडे थांबेन, हेही खरं आहे.

सकाळी लवकर खिडकी उघडते. एक सिस्टर वहीत नाव बघते, गोळ्या मोजते, त्यांचा चुरा करते आणि माणसाच्या जिभेखाली टाकते. मग तो बाकावर बसतो. बोलायचं नाही, गिळायचं नाही. दहाएक मिनिटं त्या खोलीत पंख्याशिवाय आवाज नसतो. मग एकेक जण उठून सिस्टरसमोर जीभ वर करून दाखवतो आणि कामाला निघतो. डब्याची पिशवी घेतलेले एक पन्नाशीचे हमाल रोज पहिले यायचे. जीभ दाखवून झाल्यावर मला म्हणाले, "सहा वर्षं झाली ताई. पोरगी बारावीला आहे."

अशा माणसांबद्दल मी बैठकांमधून बोललेय की एक नशा सोडून दुसरी धरली. तसं नाही, हे त्या बाकासमोर मला पटलं. गर्दची तलफ दिवसातून तीन-चार वेळा माणसाला रस्त्यावर काढते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतली तीच जागा धरून ठेवतं, पण अर्धवट ताकदीनं, आणि एका डोसवर दिवस निघतो. ठरावीक मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. मेथाडोन आणि हे औषध, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. आपण समुपदेशक मात्र अजून घरच्यांना विचारतो, गोळी कधी बंद करणार?

दुसऱ्या दिवशी एक नवा मुलगा आला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी घेतलं? "पहाटे." त्याला थांबवून ठेवलं. गर्द अंगात असताना ही गोळी दिली तर ती गर्दला जागेवरून ढकलते आणि तोड एकदम अंगावर येते. म्हणून आधी तोड दिसायला हवी, निदान बारा तास जायला हवेत. अकरा मुद्द्यांचा एक तक्ता असतो: नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा, असं एकेक बघून गुण द्यायचे. तो मुलगा ऑगस्टच्या उकाड्यात जर्किन घालून कुडकुडत होता. नाक गळत होतं. पळून जाईल असं मला तीनदा वाटलं. त्याच्याशेजारी बसून मी फक्त घड्याळ दाखवत राहिले, अजून एवढंच राहिलंय. संध्याकाळी गुण पुरेसे झाले, पहिली गोळी दिली. पाऊण तासानं त्यानं जर्किन काढलं आणि चहा मागितला.

लॉगबुकवर सही रोजच्या रोज घ्या. शेवटच्या दिवशी तिन्ही सह्या एकदम मागितल्या की डॉक्टर नेमके मीटिंगला असतात. शिक्का शेवटच्या पानावरही लागतो, ते पान कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि एक राहिलं. नाल्ट्रेक्झोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणामच रोखणारं औषध, सुचवायच्या आधी माणूस सात ते दहा दिवस ओपिऑइडपासून पूर्ण कोरा आहे का, ते बघा. शनिवारच्या वर्गात यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले होते, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नव्हतं.

आता आमच्याकडून गर्दचं किंवा ट्रॅमाडॉलचं पोर घरी निघालं की मी आई-वडिलांना खोलीत घेते आणि दार लावून सांगते: पुन्हा घेतलं तर रागावू नका, पण जुन्याइतकं घेतलं तर जाईल. ओठ निळे पडले, घोरल्यासारखा आवाज आला, हलवून उठला नाही तर झोपू देऊ नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात नालोक्सोनचं इंजेक्शन देतील. शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणू नका, त्या इंजेक्शनचा असर तास-दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा थांबू शकतो. काही आया हे ऐकून रडतात. मी थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या धाकट्या समुपदेशकाचा त्याच कार्यालयाकडे अर्ज गेला. मसुदा मी करून दिला. नाव, तारखा, नव्वद दिवसांचं वाक्य, हमीपत्र, साक्षांकित दाखले आणि तळाशी ती त्रुटींची ओळ. नवव्या दिवशी त्याची परवानगी आली.