मेणवलीच्या वाटेवर विरजलेला दहीभात

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या सहलीत आम्ही दुपारी डबा उघडला, तर बटाट्याच्या भाजीला तार सुटलेली. बारा माणसांची भाजी, पहाटे उठून केलेली. भूक लागलेल्या मुलांसमोरून तो डबा उचलून बाजूला ठेवताना माझा जीव तुटला. चूक कुठे झाली ते तेव्हाच कळलं. भाजी वाफाळती असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरली होती आणि तो डबा पाच तास गाडीच्या डिकीत तापत राहिला होता.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वाईजवळ मेणवलीला जायचं ठरलं. आदल्या रात्री मी आणि सासूबाई कैऱ्या सोलत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "अगं, उन्हानं जे नासतं ते कशाला न्यायचं? उन्हात जे होतं ते नेऊ की." त्या बार्शीच्या, माझं माहेर गुहागरचं. दोघींनी आपापल्या घरचं आठवून बेत ठरवला: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, आंबेडाळ, दडपे पोहे आणि पन्हं.

धपाटे त्यांनी रात्रीच केले. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. त्यात लसूण, हिरवी मिरची आणि जिरं वाटून, मूठभर कोथिंबीर, तीळ, हळद, मीठ. पाण्याचा थेंब नाही, सगळं दह्यात भिजवायचं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर तेल सोडून खरपूस भाजायचे. दह्यात भिजवलेले धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. मात्र भाजल्याबरोबर एकावर एक रचायचे नाहीत. त्यांनी प्रत्येक धपाटा सुपात सुटा पसरला, पूर्ण निवू दिला आणि मग सुती पंचात गुंडाळला. मला त्या भाजीची आठवण झाली. तीही अशीच परातीत पसरून निववली असती तर टिकली असती.

दहीभात सकाळी सहाला कालवला. भात गुरगुट्या शिजवून घोटला, कोमट झाल्यावर त्यात भरपूर दूध घातलं आणि दही फक्त एक चमचा. वरून हिंग, मोहरी, उडदाची डाळ आणि सांडगी मिरचीची फोडणी, तीही गार करून. पुण्यातून निघताना तो दूधभातच होता. कात्रजचा बोगदा, शिरवळ, खंबाटकीचा घाट, मग सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई. मांडीवर घेतलेला डबा उन्हानं हळूहळू कोमट होत होता आणि आत भात विरजत होता. घरूनच भरपूर दही घालून नेलेला भात दुपारपर्यंत आंबट होतो. हा बरोबर जेवायच्या वेळेला लागतो.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ 1762 साली गणपतराव रास्ते यांनी बांधलं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. पुतण्यानं त्या भिंतीला हात लावून एक चक्कर मारली. पायऱ्या तापायला लागल्या होत्या, तेव्हा फार न थांबता तिथून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला आलो.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा आणि वाड्यामागचा घाट. आम्ही आधी वाडा पाहिला. जाड भिंतींच्या आत शिरल्याबरोबर अंगाला गारवा लागतो. सहा चौक, लाकडी खांब, भिंतींवर उरलेली जुनी चित्रं. मागच्या बाजूनं खाली उतरलं की चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि एका छोट्या घुमटीत टांगलेली प्रचंड घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मुलीनं ती बराच वेळ न्याहाळली. देवळाच्या आवारात मेरी कशी, हे तिला सांगताना मलाच भरून आलं. इतकी वर्षं ही माऊली कृष्णेकाठी आहे आणि कुणीही ते चित्र घासून काढलेलं नाही.

घाटावर झाडाच्या सावलीत सतरंजी टाकली आणि आधी पन्हं केलं. हो, तिथेच केलं. घरून फक्त गर आणला होता: कैऱ्या उकडून, गर काढून, त्यात दीडपट गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची. पाणी घातलेलं पन्हं उन्हात फसफसायला लागतं, पण गुळात कालवलेला गर दिवसभर सुखानं राहतो. पाण्याचे तांबे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले होते. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं, एवढ्यानं पाणी चांगलं गार राहतं. एक भाग गर, चार भाग पाणी. सासऱ्यांनी दोन पेले घेतले आणि तिसरा मागितला.

आता दडपे पोहे. माझ्या माहेरचा हा पदार्थ असा बाहेर, घाटावर करायची माझी फार दिवसांची इच्छा होती. खवलेला नारळ उन्हात दोन-तीन तासांत खवट वास मारायला लागतो, म्हणून मी नारळ अख्खाच आणला होता आणि त्यासोबत आईची खवणीची विळी. पायरीवर नारळ फोडला, पाणी भांड्यात धरलं. आधी मुलांनी एकेक घोट प्यायला, उरलेलं पातळ पोह्यांवर शिंपडलं. कांदा तिथेच चिरला, आधी चिरून ठेवला तर त्याला उग्र दर्प येतो. ओला नारळ, किसलेली कैरी, कोथिंबीर, मीठ, साखर. घरून डबीत आणलेली हिंग-हळद-मिरचीची फोडणी. हातानं हलकेच कालवून वर ताट ठेवलं आणि त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या. वीस मिनिटं हात लावायचा नाही. त्या वजनाखाली पोहे नारळाचं पाणी आणि कांद्या-कैरीचा रस पितात, मऊ होतात, तरी त्यांचा चिखल होत नाही. वाढताना वर पोह्याचा पापड चुरायचा. दुकानातलं सुकं खोबरं घालूनही हे पोहे होतात, पण ते दडपे पोहे नव्हेत, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आंबेडाळ मात्र सगळ्यांत आधी संपवायची, हा नियम. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटली की उन्हात लवकर आंबते. म्हणून डाळ निघायच्या तासभर आधी जाडसर वाटली होती, कैरी भरपूर घातली होती आणि ती पन्ह्याबरोबरच खाऊन टाकली. कुणाला जेवणात हवी असेल तर घरी खावी. प्रवासात ती साडेदहा-अकराच्या पुढे नेऊ नये.

साडेबाराला दहीभाताचा डबा उघडला. सगळे वाकून बघत होते. भात छान लागला होता, गोडसर, किंचित आंबट, वर सांडगी मिरचीचे तुकडे. सासूबाईंनी बोटानं चव घेतली आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. पळसाच्या पत्रावळींवर धपाटे, त्यावर चटणीचा गोळा आणि तेलाची धार, शेजारी पोहे, मधोमध भात. वाऱ्यानं पत्रावळी उडू नयेत म्हणून मुलांनी नदीतले गोटे आणून ठेवले होते. बराच वेळ कुणी बोललं नाही.

खाली कृष्णेत गावातली चार पोरं पोहत होती. त्यांना बोलावलं तेव्हा आधी लाजली, मग ओल्या अंगानंच पायरीवर बसून धपाटे खाल्ले. त्यांतल्या धाकट्यानं सासूबाईंना विचारलं, "आज्जी, ह्यात दही हाय का?" त्या इतक्या खूश झाल्या की उरलेल्यांतले चार धपाटे त्याच्या आईसाठी बांधून दिले.

उन्हं कलल्यावर पत्रावळी, करवंट्या, कांद्याची सालं सगळं पिशवीत भरून निघालो. घरी पोचलो तेव्हा पंचात दोनच धपाटे शिल्लक होते. सोमवारी सकाळी आम्ही दोघींनी ते चहाबरोबर खाल्ले, तेव्हाही मऊ होते.